हृदयातली गाठ आणि अचानक आलेला मृत्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बीड, परभणी, हिंगोली, जालना अशा जिल्ह्यांतून येत राहतात. बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या घरातलं कुणीतरी नुकतंच गेलेलं असतं. पीएमच्या (शवविच्छेदनाच्या) अहवालात गाठीचा उल्लेख असतो आणि तो समजावून सांगणारं कुणी भेटलेलं नसतं. जिथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, तिथे उत्तर एकदाच देऊन प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हृदयाला गाठ होते? आम्ही तर कधी ऐकलं नाही.

होते, पण फार क्वचित. शवविच्छेदनांच्या नोंदी पाहिल्या, तर मूळ हृदयातच उगवलेली गाठ हजारात एकापेक्षाही कमी जणांत सापडते. फुप्फुस, स्तन किंवा रक्ताचा कॅन्सर पसरत हृदयापर्यंत जाणं त्याहून कितीतरी पटींनी जास्त आढळतं. मूळ हृदयातल्या गाठींपैकी साधारण तीन चतुर्थांश साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात. मोठ्या माणसांत त्यातली सर्वांत जास्त दिसणारी म्हणजे मिक्सोमा. चारपैकी तीन मिक्सोमा हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने लटकलेल्या असतात. ३० ते ६० या वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांत, त्या जास्त दिसतात.

२. अहवालात गाठ साधी होती, कॅन्सर नव्हता, असं लिहिलंय. मग आमचे दादा गेले कसे?

साधी गाठ म्हणजे शरीरभर न पसरणारी गाठ. ती निरुपद्रवी असते असं नाही. पोटावर लिंबाएवढी चरबीची गाठ घेऊन माणूस ऐंशी वर्षं जगतो. तेवढीच गाठ हृदयाच्या झडपेसमोर असेल, तर तिची जागाच जीव घेते.

मिक्सोमा मऊ, बुळबुळीत असते. हातात घेतली तर भिजलेल्या साबुदाण्याच्या गोळ्यासारखी लागते आणि तिचे तुकडे सहज सुटतात. देठावर लटकल्यामुळे ती प्रत्येक ठोक्याला झडपेच्या तोंडाशी येते आणि मागे जाते. एखाद्या वेळी ती तोंडातच अडकली, की डाव्या खालच्या कप्प्यात रक्त उतरत नाही, मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस उभ्या जागी कोसळतो. गाठ लगेच सरकली तर तो नुसता घेरी येऊन उठतो. नाही सरकली तर उठत नाही.

दुसरी तऱ्हा तुकड्याची. गाठीचा किंवा तिच्यावर साचलेल्या रक्ताच्या गुठळीचा तुकडा सुटून मेंदूच्या किंवा हृदयाच्याच रक्तवाहिनीत जाऊन बसतो. झडपेवर होणारी फायब्रोइलास्टोमा नावाची छोटी गाठ हृदयाला रक्त देणाऱ्या धमनीच्या तोंडाशी अडकून असाच घात करू शकते.

तिसरी तऱ्हा विजेची. हृदयाच्या स्नायूत वाढलेली फायब्रोमा नावाची गाठ ठोक्यांची लय बिघडवते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या विद्युतगाठीतच, म्हणजे ठोक्यांची वीज पुढे नेणाऱ्या हृदयाच्या नैसर्गिक केंद्रातच, एक अगदी छोटी, पाणीदार पोकळ्या असलेली गाठ होते. ती काही मिलिमीटरची असते, पण ठोके थांबवू शकते. नुसत्या डोळ्यांनी पाहताना ती निसटते, म्हणून प्रश्न ११ जरूर वाचा.

३. दवाखान्यात तर "अटॅक आला" म्हणाले होते. खरं काय मानायचं?

आपल्याकडे अचानक गेलेल्या प्रत्येकाला अटॅक आलेला असतो. मृत अवस्थेत आणलेल्या माणसाकडे पाहून डॉक्टर अंदाजच सांगू शकतात, आणि तो बहुतेकदा चूकही नसतो, कारण चाळिशीनंतरच्या अचानक मृत्यूत रक्तवाहिनी बंद होणं हेच सर्वांत मोठं कारण आहे. तरुणांत मात्र जाड झालेला हृदयस्नायू, स्नायूची सूज, ठोक्यांचे जन्मजात विकार, फाटलेली महाधमनी अशी बरीच कारणं असतात आणि गाठ त्या यादीत अगदी तळाला येते. शवविच्छेदनात गाठ दिसली आणि दुसरं कारण मिळालं नाही, तर अहवाल खरा माना. शवविच्छेदन झालंच नसेल, तर "अटॅक" हा शब्द सांत्वनापुरता आहे एवढंच लक्षात ठेवा.

४. आधी काहीच कळत नाही का? कुठली लक्षणं असतात?

काहींना खरंच काही होत नाही. पण पुष्कळांच्या घरी नीट विचारलं, की मागच्या काही महिन्यांतल्या गोष्टी निघतात. त्या तीन प्रकारच्या असतात.

अडथळ्याच्या खुणा: चालताना धाप, रात्री उताणं झोपलं की गुदमरणं, उठताना किंवा वाकताना घेरी. यातली लक्षात ठेवण्यासारखी खूण म्हणजे अंगाची स्थिती बदलली की त्रास बदलणं. एका कुशीवर वळलं की दम लागतो, उठून बसलं की मोकळं वाटतं.

तुकड्याच्या खुणा: पंचेचाळिशीच्या आत, बीपी-शुगर नसताना अर्ध्या अंगावरून वारं जाणं, थोडा वेळ बोबडी वळून पुन्हा नीट होणं, एका डोळ्यापुढे अचानक अंधार, पाय एकाएकी गार पडून ठणकणं.

अंगभर खुणा: बारीक ताप, वजन उतरणं, सांधे दुखणं, रक्त कमी, रक्ताच्या तपासणीत ईएसआर (अंगातली सूज दाखवणारा आकडा) वाढलेला. मराठवाड्यात या खुणा दिसल्या की पहिल्यांदा टीबीचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा. पण थुंकी आणि एक्स-रे दोन्ही स्वच्छ निघाले, तर कुणीतरी हृदयाकडे पाहायला हवं.

माझं मत विचाराल तर दोन प्रसंगांत टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) टाळूच नये: कारण न सापडलेली भोवळ, विशेषतः कामाच्या भरात आलेली, आणि तरुण वयातला लकवा. लकव्याचं औषध लावायला कुठे नेलं, याची चर्चा घरोघर होते. इको केला का, हे कुणी विचारत नाही.

५. बहिणीला दोन वर्षांपासून "वाल्व्ह खराब" म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन चालू होतं. गेल्यावर गाठ निघाली. निदान चुकलं का?

एकदम तसं म्हणता येत नाही. लहानपणच्या सांधेवाताच्या तापाने झडप आकसणं आपल्या भागात अजूनही दिसतं. झडपेसमोर लटकलेली मिक्सोमा हुबेहूब त्याच झडपेच्या आजारासारखी वागते: तीच धाप, छातीवर तसाच आवाज, फुप्फुसात तसंच पाणी. स्टेथोस्कोपने दोन्ही वेगळे ओळखणं अनुभवी कानालाही अवघड जातं. इकोवर मात्र फरक बहुतेकदा स्पष्ट दिसतो. म्हणून प्रश्न असा विचारा: वाल्व्हचं निदान इको करून झालं होतं की नुसतं तपासून? एकही इको न करता वर्षानुवर्षं इंजेक्शन चालू असेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तसं चालू देऊ नका. इंजेक्शन मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

६. तालुक्याला पट्टी काढली होती, नॉर्मल आली. मग हे कसं सुटलं?

पट्टी, म्हणजे ईसीजी, हृदयाची वीज दाखवते. आत काय लटकलंय ते ती दाखवत नाही. गाठ असूनही पट्टी आणि छातीचा एक्स-रे पूर्ण नॉर्मल येऊ शकतात. गाठ दिसते ती इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर. शंका उरली तर अन्ननलिकेतून नळी घालून केलेला इको आणि हृदयाचा एमआरआय. टू-डी इकोसाठी बहुतेकदा जिल्ह्याला जावं लागतं. एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती फेरी राहून जाते.

७. मागच्या वर्षीचा इको नॉर्मल होता. वर्षात एवढी गाठ वाढते?

वाढू शकते. आधीच्या इकोत काही नसताना पुढच्या एक-दोन वर्षांत मिक्सोमा दिसल्याच्या नोंदी आहेत. इको त्या दिवसाचं चित्र सांगतो. शिवाय फार छोटी गाठ, कोपऱ्यातली गाठ किंवा प्रश्न २ मधली विद्युतगाठीतली गाठ साध्या इकोत दिसेलच असं नाही.

८. भाऊजी कापसाच्या रानात पडलेले सापडले, तोंडाला फेस होता. गावात विष घेतलं अशी चर्चा झाली. फेस म्हणजे विषच ना?

नाही. हा प्रश्न फार येतो आणि त्यामागे फार दुखावलेली घरं असतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डाव्या बाजूला रक्त तुंबलं की ते मागे फुप्फुसात दाटतं, फुप्फुसात पाणी उतरतं आणि हवेत घुसळून त्याचा फेस होतो. तो पांढरा किंवा किंचित गुलाबी असतो आणि नाका-तोंडातून येतो. झडप बंद करणाऱ्या गाठीत, मोठ्या अटॅकमध्ये, बुडून मेलेल्यांत, आकडीत आणि फवारणीच्या औषधाने विषबाधा झाली तरीही फेस दिसतो. म्हणजे फेस पाहून काहीच ठरत नाही. औषधाचा उग्र वास, जवळ पडलेली बाटली, कपड्यावरचे डाग, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या या गोष्टी पंचनाम्यात येतात. पण कपाशीवर त्याच दिवशी फवारणी झाली असेल तर वास आणि डाग कुणाच्याही अंगावर सापडतील.

निर्णय दोन गोष्टींवर होतो: शवविच्छेदनात हृदय उघडून पाहणं आणि व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) रासायनिक तपासणीला पाठवणं. आपल्याकडचा व्हिसेरा सहसा छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. तो अहवाल हाती येईपर्यंत गावाला काहीही बोलू द्या, घरातल्या बाईला जाब विचारू नका.

९. आंघोळ घालताना पाठ पूर्ण काळीनिळी दिसली. मारहाण किंवा साप?

मृत्यूनंतर रक्त फिरायचं थांबतं आणि खालच्या बाजूला उतरतं. देह उताणा असेल तर काही तासांत पाठ जांभळट-काळी होते आणि जमिनीला टेकलेला भाग फिका राहतो. हे प्रत्येक देहात होतं. फेसाबद्दल प्रश्न ८ पाहा.

१०. चिरफाड करायलाच पाहिजे का? म्हातारी माणसं नको म्हणतात.

माणूस आधीपासून उपचारात असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कारण माहीत असेल, तर ते दाखला देऊ शकतात. तसं नसेल आणि मृत्यू अचानक किंवा संशयास्पद असेल, तर पोलीस पाटलामार्फत किंवा दवाखान्यातून ठाण्याला खबर जाते आणि अकस्मात मृत्यूची, बोलीत एडीची, नोंद होते. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतं. आधी ते सीआरपीसीचं १७४ होतं. मग शवविच्छेदन करायचं की नाही, हे घरच्यांच्या मर्जीवर राहत नाही.

खबर न देता माती उरकली तर त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं. पुढे विम्याचा माणूस येतो, सासर-माहेरात शब्दाला शब्द लागतो, मुलं मोठी होऊन विचारतात, आणि उत्तर कुणाकडे नसतं. चाळिशीच्या आतला अचानक मृत्यू असेल तर मी स्वतः शवविच्छेदनाच्याच बाजूने बोलतो. उशिराची भीती असेल तर हे माहीत असू द्या: नोव्हेंबर २०२१ पासून पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही ते करता येतं. खून, आत्महत्या, बलात्कार, घातपाताचा संशय आणि कुजलेला देह ही प्रकरणं साधारणपणे त्यातून वगळली आहेत.

११. "हृदय काढून ठेवलं" असं सांगितलं. कशाला? आणि अंत्यविधी अपुरा राहतो का?

गाठ कुठल्या जातीची, स्नायूत सूज होती का, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. त्यासाठी हृदय किंवा त्याचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये ठेवून वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात पाठवतात. मराठवाड्यात घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथली शासकीय महाविद्यालयं त्यासाठी जवळची.

इथे एक बारीक पण महत्त्वाची बाब आहे. विषाच्या तपासणीसाठीचा व्हिसेरा मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात. हृदय त्याच मिठाच्या पाण्यात गेलं, तर त्याच्या पेशी नीट पाहता येत नाहीत. दोन बरण्या वेगळ्या लागतात. शवविच्छेदनाआधी डॉक्टरांना किंवा तपासी अंमलदाराला नम्रपणे एवढंच सांगा: "साहेब, वय कमी आहे, आधी घेरी आली होती, हृदय पॅथॉलॉजीला पाठवता येईल का?" आधीचे कागद, पट्ट्या, औषधांच्या चिठ्ठ्या सोबत द्या. पुष्कळदा डॉक्टरांपुढे नुसता पंचनामा येतो आणि ही माहिती येतच नाही.

अंत्यविधीचं म्हणाल तर देह शिवून ताब्यात देतात आणि विधी नेहमीसारखे होतात. मला विचारणाऱ्या घरांना मी सांगतो, की यात काही उणं राहत नाही.

१२. अहवालात मृत्यूचं कारण "मत राखून ठेवले" आहे. काहीतरी दडवताहेत का?

नाही. व्हिसेरा आणि पॅथॉलॉजीचे अहवाल येईपर्यंत डॉक्टर तसंच लिहितात. पोलीस ठाण्यात एडी क्रमांक देऊन पाठपुरावा करा. दोन्ही अहवाल आले की डॉक्टरांकडून अंतिम मत मागवावं लागतं. ते आपोआप घरी येत नाही.

१३. ग्रामपंचायतीच्या मृत्यू दाखल्यावर कारणच नाही. विमा कसा मिळणार?

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार घरच्यांना मिळणाऱ्या दाखल्यावर कारण छापायचंच नसतं. कारणासाठी शवविच्छेदनाचा अहवाल आणि अंतिम मत लागतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा असेल (वर्षाला ४३६ रुपये खात्यातून जातात का ते पासबुकात पाहा), तर कुठल्याही कारणाच्या मृत्यूला २ लाख मिळतात. नव्याने नाव घातल्यापासूनचे पहिले ३० दिवस तेवढे वगळून. खासगी आयुर्विमा तीन वर्षं जुना झाला असेल, तर विमा कायद्याच्या कलम ४५ मुळे कंपनीला पॉलिसीवर शंका काढता येत नाही. तीन वर्षांच्या आत असेल तर "आजार लपवला" असा मुद्दा निघू शकतो. कुणालाच माहीत नसलेला आजार लपवता येत नाही, हे लेखी मांडा. आधी घेरीसाठी उपचार घेतले असतील आणि अर्जात "नाही" लिहिलं असेल, तर मात्र प्रकरण अवघड जातं.

१४. शेतात पडून गेले, मग गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मिळेल का?

गाठीमुळे गेले असतील तर नाही. ती योजना अपघातासाठी आहे, नैसर्गिक मृत्यू तिच्यात बसत नाही. वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचंही तेच. झाडावरून किंवा विहिरीत पडून मृत्यू झाला असेल, तर पडल्यामुळे गेले की गेल्यामुळे पडले, हा शवविच्छेदनाचा प्रश्न आहे. "अपघात लिहून द्या" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार मिळतात, मृत्यू नैसर्गिक असला तरी. त्यासाठी तहसीलला अर्ज करा.

१५. आम्हा भावंडांना, पोरांना तपासून घ्यावं का?

बहुतेक मिक्सोमा घराण्यात चालत नाहीत. थोड्या चालतात, त्यांना कार्नी संकुल म्हणतात. ओठांवर, पापण्यांवर काळे-तपकिरी बारीक ठिपके, हार्मोनचे त्रास, कमी वयात गाठ, एकापेक्षा जास्त गाठी किंवा नेहमीच्या जागेऐवजी दुसऱ्या कप्प्यात गाठ, यातलं काही असेल तर आई-वडील, भावंडं आणि मुलं सगळ्यांचा इको करा. आई किंवा वडिलांत तो दोष असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते.

कारणच कळलं नसेल तर गाठीची भीती बाजूला ठेवा, पण पट्टी आणि इको जरूर काढा. जाड स्नायू आणि ठोक्यांचे विकार घराण्यात चालतात आणि गाठीपेक्षा कितीतरी जास्त आढळतात.

१६. लहान बाळाच्या हृदयात गाठी दिसल्या आहेत. वाचेल का?

बाळांत सर्वांत जास्त दिसणारी गाठ रॅब्डोमायोमा. ती वाढत्या वयात बरेचदा आपोआप आकसते. तिच्यासोबत ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा आजार असू शकतो, त्यामुळे अंगावर फिकट पांढरे चट्टे किंवा आकडी असेल तर डॉक्टरांना सांगा. फायब्रोमा मात्र आकसत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांच्या तपासणीसाठी अंगणवाडीत-शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तिथून पुढे पाठवण्याची सोय आहे.

१७. इकोत मिक्सोमा निघाली. गोळीने विरघळेल का?

नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनीही नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय: हार्ट-लंग मशीनवर हृदय थांबवून गाठ देठासकट काढतात. १९५४ साली स्टॉकहोममध्ये क्लॅरन्स क्रॅफोर्ड यांनी ती पहिल्यांदा यशस्वी केली. त्याआधी ही गाठ बहुधा मेल्यानंतरच सापडायची. आज हे ऑपरेशन सरावाचं आहे. घराण्यात न चालणारी गाठ पुन्हा उगवण्याचं प्रमाण शंभरात एक ते तीन. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड-आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि मंजुरी आधी घ्या.

१८. मुकादमाची उचल घेतलीय. ऊसतोडीहून आल्यावर ऑपरेशन केलं तर?

नको. गाठ दिसल्यावर थांबण्यात अर्थ नसतो. सर्जन तारीख दिवसांत मोजतात, महिन्यांत नाही. कोयत्याला जाणं म्हणजे पहाटेपासून वाकणं, मोळ्या उचलणं आणि दवाखान्यापासून लांब राहणं. उचलीचा पेच खरा आहे, पण इकोचा कागद दाखवून घरातल्या दुसऱ्याला पाठवण्याची बोलणी करता येतात.

१९. गरोदरपणात दम लागतोच ना?

लागतो. म्हणूनच गाठ झाकली जाते. उताणं किंवा कुशीवर झोपता न येणारी धाप, घेरी किंवा थुंकीत रक्त असेल तर आशाताईंना सांगून इको करून घ्या. इकोने बाळाला काही होत नाही.

२०. समोर माणूस कोसळला तर गाठ आहे की अटॅक हे कसं ओळखायचं?

ओळखायच्या भानगडीत पडू नका. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, तोंडात पाणी घालणं बंद. झडप पूर्ण अडकली असेल तर दाबूनही यश येत नाही, पण ते बाहेरून कुणालाच कळत नाही.

२१. कोविडच्या लसीने अशा गाठी होतात का?

अशा गाठींचा लसीशी संबंध आढळलेला नाही. १८ ते ४५ वयातल्या अनाकलनीय अचानक मृत्यूंवर आयसीएमआरने केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

२२. काकांच्या पायाची नस बंद झाली, ऑपरेशन करून गुठळी काढली. आता ठणठणीत आहेत. याचा इथे काही संबंध आहे का?

असू शकतो, आणि हा दुवा हमखास निसटतो. काढलेली गुठळी टाकून न देता पॅथॉलॉजीला पाठवली, तर कधी कधी ती रक्ताची नसून मिक्सोमाचा तुकडा निघते. म्हणजे मूळ गाठ अजून आतच असते. डिस्चार्ज कार्ड काढून दोन गोष्टी पाहा: गुठळी तपासायला पाठवली होती का आणि इको झाला होता का. गुठळी न तपासता टाकून दिली असेल आणि इकोही झाला नसेल, तर इको या आठवड्यात करून घ्या.